सरकारी दप्तर आले पडद्यावर, पण वाचणार कोण?



आज घरोघरी मोबाइल आहे. शेताचा उतारा, पंचायतीचा खर्च, आपल्या अर्जाची स्थिती हे सारे आता त्या छोट्या पडद्यावर पाहता येते. पंचवीस वर्षांपूर्वी यातील प्रत्येक गोष्टीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. तरीही पालक सभेत आमच्या कानावर येते ते हेच की, "साहेब, आमचे काम कुठे अडले ते कळत नाही." माहिती उघडी आहे, तरी माणसाला कळत नाही. असे का होते आणि यात शाळेचा संबंध कोठे येतो, याचा विचार या लेखात करावा असे आम्हांला वाटते.

दप्तराची भाषा आणि आपण

आपल्या भागाचा इतिहास थोडा वेगळा आहे. १९४८ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. घरात मराठी किंवा कन्नड, बाजारात दक्खिनी आणि सरकारी कागदावर उर्दू, असा व्यवहार असे. जमिनीचे दप्तर गावच्या पटवाऱ्याकडे असायचे. त्यात काय लिहिले आहे हे पटवारी सांगेल तेच खरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. कागदाची भाषा कन्नड झाली. राज्याची भाषा म्हणून ते योग्यच आहे. परंतु औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या पट्ट्यातील मराठी घरांपुरते पाहिले, तर आजोबांच्या काळी कागद उर्दूत होता आणि वडिलांच्या काळी तो कन्नडमध्ये आला. दोन्ही वेळा वाचून दाखवणारा माणूस दुसराच होता.

वाचून दाखवणाऱ्याच्या हाती सत्ता असते, हे लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ.

'भूमी'ने काय उघडले

२००० सालाच्या सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' प्रकल्प हाती घेतला. सनदी अधिकारी राजीव चावला यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. त्यापूर्वी राज्यातील सुमारे ९,००० ग्राम लेखापाल जमिनीच्या नोंदी हाताने लिहीत. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे जवळजवळ २ कोटी उतारे संगणकात भरण्यात आले. तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली आणि त्या वेळी १५ रुपयांत पहाणीचा छापील उतारा मिळू लागला. हाताने लिहिलेला उतारा बाद ठरला. नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे बदल कोणी केला हे संगणकातच राही. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने घ्यावे लागत. मागच्या अर्जाला पुढे ढकलण्याची सोय कमी झाली.

हे मोठे काम झाले यात शंका नाही. पुढे उतारा घरबसल्याही पाहता येऊ लागला. सर्व्हे नंबर माहीत असला की कोणाचीही पहाणी दिसते. पण संगणकात गेलेली चूक ही संगणकातही चूकच राहते. वडिलांचे नाव चुकले, हिश्श्याचे गुंठे कमी लागले, फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला, तर यंत्र स्वतःहून ते सांगत नाही. तसेच, माहिती उघडी झाली की ती सर्वांना सारखी उपयोगी पडते असेही नाही. 'भूमी'वर टीका करणाऱ्या काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, शहराजवळच्या जमिनी घेऊ पाहणाऱ्या मोठ्या मंडळींना या उघड्या नोंदींचा फायदा अधिक झाला. कारण त्यांच्याकडे वाचणारी माणसे होती, आणि लहान शेतकऱ्याकडे ती नव्हती.

आपल्याकडे आज याचे महत्त्व आणखी वाढले आहे. बिदरकडे सोयाबीन आणि कलबुर्गीकडे तूर ही मुख्य पिके. कोणत्या सर्व्हे नंबरात कोणते पीक आहे याची नोंद आता मोबाइलवरील पीक पाहणीतून होते. हमीभावाने तूर घालताना किंवा पीक विम्याचा दावा करताना तीच नोंद पाहिली जाते. शेतात तूर आणि नोंदीत दुसरेच पीक असेल, तर दावा अडकतो. पीक उभे असताना ही नोंद कोणी वाचली असती, तर आक्षेप घेऊन ती दुरुस्त करता आली असती. काढणी झाल्यावर पुरावा काय दाखवणार?

औरादपासून सुरू झालेली 'सकाल'

पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल, पण या विषयात आपल्या औराद तालुक्याचे नाव राज्याच्या इतिहासात आहे. २०११ मध्ये कर्नाटकाने नागरिकांना ठराविक मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कायदा केला. या योजनेचे नाव 'सकाल'. मराठी माणसाला हा शब्द ऐकून पहाट आठवते, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'योग्य वेळी' असा आहे. मार्च २०१२ मध्ये ही योजना प्रथम चार तालुक्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. ते तालुके होते धारवाड, चित्रदुर्ग, पुत्तूर आणि आपले औराद. २ एप्रिल २०१२ पासून ती राज्यभर लागू झाली. आरंभी ११ खात्यांच्या १५१ सेवा होत्या, पुढे त्यांची संख्या पुष्कळ वाढली.

तिचे काम कसे चालते ते समजून घेऊ. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला अशा कामासाठी अर्ज दिला की पोचपावती मिळते. त्या पावतीवर १५ अंकांचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून अर्ज कोणाच्या टेबलावर आहे आणि मुदत कधी संपते, हे मोबाइलवर पाहता येते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. विलंबाबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, इतकी भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे आणि ती रक्कम दोषी अधिकाऱ्याकडून वसूल होते.

रक्कम लहान आहे. पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. दाखला देणे ही साहेबांची मेहेरबानी नाही, ती वेळेत करायची सेवा आहे, असे सरकारने स्वतःच लिहून दिले. दहावी-बारावीनंतर प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा आपल्या विभागाला घटनेच्या कलम ३७१ (जे) नुसार मिळालेल्या आरक्षणासाठी दाखले लागतात. एक दाखला आठ दिवस उशिरा आला तर मुलाचे वर्ष जाऊ शकते. म्हणून पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये, आणि पावती कपाटात ठेवून विसरू नये. ही पावती पालकांच्या हातातील काठी आहे. काठी टेकली तर आधार होतो, नाही तर ती कोपऱ्यातच पडून राहते.

पंचायतीचा हिशेब आणि फोटोचा फोटो

आता गावाकडे वळू. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी योजना देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे होते. या योजनेत कोणी किती दिवस काम केले, किती मजुरी मिळाली, याची हजेरीपटे संकेतस्थळावर ठेवण्यात आली. आपल्या गावच्या तळ्याच्या कामावर कोणाकोणाची नावे आहेत, हे जगाच्या पाठीवर कोठूनही पाहता येऊ लागले. २०२० मध्ये केंद्र सरकारचे 'ई-ग्रामस्वराज' सुरू झाले आणि पंचायतीचा आराखडा व जमाखर्चही तेथे दिसू लागला.

मग भ्रष्टाचार संपला का? रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे फोटो मोबाइलने काढून दिवसातून दोनदा पाठवण्याची पद्धत २०२३ पासून सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की, काही ठिकाणी कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, तर काही ठिकाणी चक्क फोटोचाच फोटो काढून पाठवला जातो. विचार करा, यंत्र फोटो घेते, पण त्यातील माणूस आपल्या गावचा आहे की नाही हे यंत्राला कसे कळणार? ते गावालाच कळते. परंतु गावाने तो फोटो पाहिला तर.

याबाबतीत राजस्थानचे उदाहरण फार बोलके आहे. तेथे अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली जनसुनावणी घेतली. त्यानंतर अशा सुनावण्या गावोगावी झाल्या. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. कामाची बिले आणि हजेरीपटे मिळवून ती गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली. वाचता वाचता उघड झाले की मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाली आहे आणि काही कामे कागदावरच झाली आहेत. पुढे २००५ साली आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामागे या चळवळीचा मोठा वाटा होता. तेथे फरक पडला तो कागद चार माणसांत वाचला गेल्यामुळे.

आपल्याकडेही अशी सोय कायद्यात आहे. कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावी लागते. शिवाय दर वर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात पंचायतीची 'जमाबंदी' असते. वर्षभराचा जमाखर्च आणि झालेली कामे त्या वेळी लोकांसमोर तपासली जातात. घरी संकेतस्थळावरून कामांची यादी उतरवून घेऊन जो ग्रामसभेला जातो, त्याचा प्रश्न टाळता येत नाही. "गटार कधी होणार?" या प्रश्नाला "होईल" एवढेच उत्तर मिळते. "या गटारावर अमुक रक्कम खर्च पडली असे दिसते, ते गटार कोठे आहे?" या प्रश्नाला "होईल" म्हणता येत नाही.

याच मोबाइलची दुसरी बाजू

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ग्रामसभेची सूचना येते, पाणी कधी सुटणार ते कळते, तुटलेल्या खांबाचा फोटो पंचायतीला पोचतो. हा चांगला उपयोग आहे. पण याच पडद्याचे भयंकर रूपही आपल्याच भागाने पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये हैदराबादहून काही तरुण औराद तालुक्यात मित्राच्या गावी आले होते. त्यांनी मुलांना चॉकलेट दिले. एवढ्यावरून 'मुले पळवणारी टोळी' अशी अफवा मोबाइलवरून पुढे धावली. मुरकी गावात जमावाने त्यांना गाठून मारले. एक तरुण अभियंता प्राणास मुकला, सोबती आणि त्यांना वाचवू पाहणारे पोलीस जखमी झाले. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा जाहीर केली.

ज्या तालुक्यात 'सकाल'चा पहिला प्रयोग झाला, त्याच तालुक्यात सहा वर्षांनी हे घडले. यातून आम्ही एवढेच शिकतो की, मोबाइलवर येणाऱ्या मजकुराचे दोन प्रकार आहेत. एकाला क्रमांक, तारीख आणि जबाबदार अधिकारी असतो, तो तपासता येतो. दुसऱ्याला यातले काहीच नसते. पंचायत सदस्याविरुद्ध 'खाल्ले, खाल्ले' असा संदेश पुढे ढकलणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. कामाचा क्रमांक, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि जागेवरची स्थिती या चार गोष्टी लिहून विचारणे ही पारदर्शकता. तसेच कोणाचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा आजारपणाचा कागद गटावर टाकू नये. सरकारचा हिशेब उघडा हवा, शेजाऱ्याचे घर नव्हे.

भाषेची अडचण आणि तिचा उपाय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे कन्नडमध्ये आहे, मग मराठी घराने काय करावे?

पहिली गोष्ट, कायद्याने दिलेल्या वाटा माहीत असाव्यात. घटनेच्या कलम ३५० नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे गाऱ्हाणे मराठीत देता येते. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या तरतुदीचे मोल आम्हांला विशेष वाटते. ज्याला कन्नड लिहिता येत नाही, त्याने देवनागरीतून साध्या हिंदीत अर्ज लिहावा, तो चालतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास माफ. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण १५० शब्दांत बसवावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ज्याला लिहिताच येत नाही, त्याचे म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'ई-ग्रामस्वराज' यंत्राच्या अनुवादाने २२ भाषांत उपलब्ध करण्यात आले, त्यांत मराठीही आहे. यंत्राचा अनुवाद ओबडधोबड असतो, पण आकडे वाचायला त्याची मदत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कचेरीतील कन्नड शब्द आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. अर्जी, हाजराती, खाते, रसीदी, कचेरी, जमाबंदी हे शब्द ऐकले तर आजीलाही कळतील. अडते ते लिपीपाशी. आणि ही लिपी कोणाला येते? आपल्या शाळेतील मुलांना. मराठी माध्यमात शिकूनही ती कन्नड वाचतात, हिंदी लिहितात आणि घरी मराठी बोलतात. कन्नडचा तास हा केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहे असे समजणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे की, त्यांनी एकदा मुलाला घरची पहाणी वाचायला सांगावी. 'बेळे' म्हणजे पीक, 'साल' म्हणजे कर्ज, एवढे त्याने सांगितले तरी त्या तासाची किंमत कळेल.

आता काय करावे?

विद्यार्थ्यांसाठी: इयत्ता आठवीपासून पुढच्या प्रत्येकाने आपल्या घरची पहाणी एकदा पालकांसोबत वाचावी. नाव, एकर-गुंठे, बोजा आणि पीक या चार जागा तपासाव्यात. घरात कोणताही अर्ज गेला तर त्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख वहीत लिहावी. वर्षातून एकदा भरणाऱ्या 'मक्कळ ग्रामसभे'त, म्हणजे मुलांच्या ग्रामसभेत, जरूर बोलावे. शाळेचा रस्ता, पाणी, स्वच्छतागृह हे तुमचेच विषय आहेत. एक सावधगिरी मात्र घ्यावी. पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नये, आणि कोणत्याही अधिकाऱ्याशी वाद घालण्यास एकट्याने जाऊ नये. वाचणे हे मुलांचे काम, मागणी करणे हे मोठ्यांचे.

पालकांसाठी: मुलाने चूक दाखवली तर "तुला काय कळते" म्हणू नये. दाखल्यासाठी मध्यस्थाच्या हाती पैसे देण्याआधी एकदा पावतीचा क्रमांक स्वतः तपासावा. ग्रामसभेला आणि जमाबंदीला घरातून एक तरी माणूस जावा, शक्य तर आईने जावे.

विश्वस्त मंडळींसाठी: पंचायतीच्या ग्रंथालयांना, म्हणजे 'अरिवु केंद्रां'ना, हळूहळू संगणक मिळत आहेत. 'अरिवु' म्हणजे ज्ञान. जेथे तशी सोय नाही त्या गावच्या मुलांसाठी शाळेची संगणक खोली शनिवारी दुपारी पालकांना खुली ठेवता येईल का, याचा मंडळाने विचार करावा. वीज आणि इंटरनेटचा थोडा खर्च वाढेल, पण समाजाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेने समाजाला परत देण्यासारखे याहून उपयोगी काय असेल? उघडेपणाची शिकवण घरापासून सुरू व्हावी म्हणून शाळेचा वार्षिक जमाखर्चही सूचनाफलकावर सोप्या मराठीत लावावा, अशी आमची मंडळाला नम्र सूचना आहे. मुलांना पंचायतीचा हिशेब वाचायला सांगायचा आणि शाळेचा हिशेब कपाटात ठेवायचा, हे शोभत नाही.

बाराव्या शतकात बसवकल्याण येथे महात्मा बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात सर्व जातींचे स्त्री-पुरुष एकत्र बसून विचार करीत. तेथे प्रश्न विचारायला कोणाला बंदी नव्हती. त्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो. सरकारने दप्तर उघडून पडद्यावर ठेवले, हे त्याने आपले काम केले. आजोबांना जे वाचता आले नाही ते नातवाला वाचता येते, ही आपली जमेची बाजू आहे. या महिन्यात पहाणी वाचून ज्यांच्या घरी चूक सापडेल, त्यांनी ती वर्गशिक्षकांना सांगावी. दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा, ते वर्गात सर्वांना दाखवले जाईल.